हिमाचलचे आरोग्य मोजणारे पत्रक : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५चे परीक्षण

२०११च्या जनगणनेनुसार हिमाचल प्रदेशाची लोकसंख्या ६८,६४,६०२ होती आणि तिच्यातील दर १०० माणसांपैकी ९० माणसे खेड्यांत राहत होती. ग्रामीण लोकसंख्येचे प्रमाण पाहिले तर देशातील राज्यांत हिमाचलचा क्रमांक पहिला लागतो आणि बिहारचा त्याच्यानंतर. पण या दोन राज्यांतील ‘खेडे’ ही गोष्टच वेगळी आहे. डोंगरउतारावर विखुरलेली पाच-पंचवीस घरे, मध्ये खोल दरी आणि हिवाळ्यात बंद होणारा रस्ता असे जिथले खेडे, तिथल्या माणसांचे आरोग्य आणि एकूण बरेपण मोजण्यासाठी केलेले साधन कितपत उपयोगी ठरते, हे पाहण्यासाठी मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे हिमाचलविषयीचे सारे साहित्य, म्हणजे राज्याचे तथ्यपत्रक, बारा जिल्ह्यांची तथ्यपत्रके, राज्याचा सविस्तर अहवाल आणि मूळ विदासंच (कुटुंबनिहाय उत्तरांच्या संगणकीय फायली), सलगपणे वापरून पाहिले. हे सर्व मला विनामूल्य मिळाले. विदासंचासाठी मात्र आपल्या अभ्यासाचा हेतू लिहून नोंदणी करावी लागली.

हे सर्वेक्षण केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या देवनार भागातील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली आणि पाचवी २०१९ ते २०२१ या काळात. पाचव्या फेरीत देशातील ७०७ जिल्ह्यांमधून ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती घेतली गेली. हिमाचलच्या वाट्याला त्यांतील १०,६९८ कुटुंबे, १०,३६८ स्त्रिया आणि १,४७७ पुरुष आले. बाराने भागले की जिल्ह्यामागे सरासरी नऊशेच्या आसपास कुटुंबे होतात, आणि या साहित्याची सर्वांत मोलाची बाजू मला याच आकड्यात दिसली. कांगड्याची लोकसंख्या २०११ मध्ये पंधरा लाखांहून अधिक होती, तर लाहौल-स्पितीची अवघी ३१,५६४. लोकसंख्येच्या प्रमाणात नमुना वाटला असता तर लाहौल-स्पितीच्या वाट्याला जेमतेम पन्नास घरे आली असती आणि तो जिल्हा पत्रकातून जवळजवळ पुसला गेला असता. प्रत्येक जिल्ह्याला साधारण सारखा नमुना देऊन राज्याच्या सरासरीसाठी नंतर भारांक (म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात कमीजास्त वजन) लावायचे, ही पद्धत महागडी आहे. तरी विरळ वस्तीच्या राज्याला न्याय देणारा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

नमुना निवडण्याची रीतही नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढे आकड्यांवर किती भर द्यायचा हे तिच्यावरूनच ठरते. आधी गावे निवडली जातात, निवडलेल्या गावातील सर्व घरांची यादी नव्याने केली जाते आणि त्या यादीतून २२ कुटुंबे काढली जातात. गावात तीनशे किंवा त्याहून अधिक घरे असतील तर गावाचे भाग पाडून त्यांतील निवडक भागच घेतले जातात. जुन्या मतदार यादीवर किंवा आशा कार्यकर्तीच्या वहीवर विसंबून राहण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी भरवशाची आहे. ज्या घराची आरोग्ययंत्रणेकडे कुठलीच नोंद नाही, त्या घरालाही निवडले जाण्याची संधी मिळते.

राज्याच्या पत्रकात १३१ निर्देशक आहेत आणि जिल्ह्याच्या पत्रकात १०४. राज्याच्या पत्रकात शहर, ग्रामीण आणि एकूण असे तीन स्तंभ असून शेजारी चौथ्या फेरीचा एकूण आकडा दिलेला असतो. जिथे शहरी लोकसंख्या दहा टक्केच आहे तिथे ग्रामीण आणि एकूण हे दोन स्तंभ बहुतेक ओळींत एकमेकांची सावली असल्यासारखे दिसतात. त्याऐवजी उंचीनुसार किंवा डांबरी रस्त्यापासूनच्या अंतरानुसार स्तंभ दिले असते तर हिमाचलपुरते ते अधिक बोलके ठरले असते. अर्थात सर्व राज्यांना एकच साचा वापरायचा म्हटल्यावर एवढी अपेक्षा धरता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

या पत्रकाची भक्कम पाने आधी पाहू. चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या दरम्यान हिमाचलात संस्थात्मक, म्हणजे रुग्णालयात किंवा आरोग्यकेंद्रात झालेल्या, प्रसूतींचे प्रमाण ७६.४ टक्क्यांवरून ८८.२ टक्क्यांवर गेले. बारा ते तेवीस महिने वयाच्या बालकांमध्ये संपूर्ण लसीकरणाचे प्रमाण ६९.५ टक्क्यांवरून ८९.३ टक्क्यांवर पोहोचले आणि एकूण जननदर (एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणारी मुले) १.९ वरून १.७ वर आला. अर्भकमृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ३४.३ वरून २५.६ इतका खाली आला. या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण बाळंतपण कुठे झाले हे कोणतीही आई विसरत नाही, लसीकरणासाठी कार्ड असेल तर ते पाहिले जाते आणि बदलाचा आकारही नमुन्यातील चढउताराच्या मानाने मोठा आहे. अर्भकमृत्युदराबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की तो सर्वेक्षणाच्या आधीच्या पाच वर्षांचा मिळून काढलेला असतो. जन्ममृत्यूंची मोजणी करणाऱ्या दुसऱ्या सरकारी सर्वेक्षणाचा, म्हणजे नमुना नोंदणी पद्धतीचा, वार्षिक आकडा त्याच्याशेजारी ठेवून ‘दोन सरकारी आकडे जुळत नाहीत’ असा गवगवा करण्यात अर्थ नाही; दोन्ही आकडे वेगवेगळ्या काळाविषयी बोलतात.

पत्रकाचा पुढचा भाग मात्र वाचकाला अडवतो, आणि तो तसा अडवतो हे चांगलेच आहे. पाच वर्षांखालील बालकांमध्ये वयाच्या मानाने उंची कमी असण्याचे प्रमाण २६.३ टक्क्यांवरून ३०.८ टक्क्यांवर गेले, उंचीच्या मानाने वजन कमी असण्याचे १३.७ वरून १७.४ वर आणि वयाच्या मानाने वजन कमी असण्याचे २१.२ वरून २५.५ वर. तिन्ही मापे एकाच दिशेने बिघडली. प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या, लसी वाढल्या, मुलांची संख्या कमी झाली आणि तरीही मुलांची वाढ मागे पडली, असे हे चित्र आहे. हा महासाथीचा परिणाम असल्याचे सांगून अनेकांनी या आकड्यांची बोळवण केली, परंतु हिमाचलचा समावेश पाचव्या फेरीच्या पहिल्या टप्प्यात होता आणि त्या टप्प्याचे क्षेत्रकाम १७ जून २०१९ ते ३० जानेवारी २०२० या काळात झाले. मोजपट्टी लागली तेव्हा टाळेबंदी अजून यायची होती. शिवाय ही घसरण एकट्या हिमाचलची नव्हती. पहिल्या टप्प्यातील २२ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांपैकी १३ ठिकाणी खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असणे, वाढल्याचे आढळले होते.

तर मग कारण काय? तथ्यपत्रक याविषयी मौन बाळगते आणि ते योग्यच आहे, कारण असे सर्वेक्षण कारण सांगण्यासाठी रचलेलेच नसते. ते ‘किती’ सांगते, ‘का’ सांगत नाही. पण ‘किती’ सांगतानाही एक दुवा नाजूक असतो, तो म्हणजे मुलाचे वय. उंची मिलिमीटरपर्यंत अचूक मोजली आणि वयात तीन महिन्यांची चूक झाली, तर दीड-दोन वर्षांचे मूल जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढमानकावर सीमारेषेच्या अलीकडून पलीकडे सहज जाते. जन्मदाखला पाहून नोंदलेले वय आणि आईच्या आठवणीवरून नोंदलेले वय यांत फरक पडतोच. म्हणून खुजेपणाच्या आकड्याविषयी मत बनवण्यापूर्वी सविस्तर अहवालातील विदेच्या गुणवत्तेची परिशिष्टे वाचावीत, असे मी आग्रहाने सांगेन. ती परिशिष्टे रटाळ आहेत, पण संपूर्ण साहित्यातील सर्वांत प्रामाणिक पानेही तीच आहेत. ती वाचल्यावरही माझे मत असेच झाले की केवळ मोजणीच्या चुकांनी तिन्ही मापे एकाच वेळी इतकी बिघडणार नाहीत. घसरणीत काही अंश खरा असला पाहिजे, मात्र तो नेमका किती हे एका सर्वेक्षणावरून ठरवता येणार नाही.

रक्तक्षयाच्या ओळींबाबत मी अधिक कठोर आहे. हिमाचलात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ५३.७ टक्क्यांवरून ५५.४ टक्क्यांवर गेले आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ५३.५ वरून ५३.० वर आले, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी राहिले. हे आकडे बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर, हातात मावणाऱ्या यंत्राने काढलेले आहेत. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा देशभरात एक ते चार वर्षांच्या बालकांमध्ये रक्तक्षय ४१ टक्के आढळला, तर त्याच सुमाराच्या चौथ्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बालकांचा आकडा ५८.६ टक्के होता. वयोगटात थोडा फरक आहे हे खरे; पण इतकी मोठी तफावत त्याने भरून निघत नाही. बोट दाबून थेंब काढला की त्यात ऊतींतील द्रव मिसळतो आणि मोजणी डळमळते, ही गोष्ट प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना नवी नाही.

हिमाचलच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे, आणि पत्रकाच्या तळटिपेतील एका ओळीवर तो सारा उभा आहे. उंचावरील विरळ हवेत शरीर हिमोग्लोबिन वाढवून प्राणवायूची उणीव भरून काढते. त्यामुळे रक्तक्षय ठरवण्यापूर्वी मोजलेल्या आकड्यातून गावाच्या उंचीनुसार काही वजा केले जाते. प्रचलित तक्त्याप्रमाणे १,००० मीटरवर ही वजावट डेसिलिटरमागे ०.२ ग्रॅम आहे, २,००० मीटरवर ०.८ आणि ३,५०० मीटरवर तब्बल २.७ ग्रॅम. म्हणजे उना जिल्ह्याच्या सपाट भागात १३.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली स्त्री निरोगी गणली जाईल, पण स्पितीतील काझाजवळच्या गावात नेमका तोच आकडा आलेली स्त्री वजावटीनंतर १०.८ वर येईल आणि १२ ग्रॅमच्या मर्यादेखाली गेल्यामुळे रक्तक्षयी ठरेल. ही वजावट शास्त्रीय आधारावरच केलेली आहे, तरी ती अंतिम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि उंचीची वजावट ५०० मीटरपासूनच सुरू केली. तो नियम लावला तर हजार मीटरच्या आतबाहेर वसलेल्या शेकडो गावांचे आकडे कोणाचेही रक्त न बदलता बदलतील. मुंबई-पुण्याचा वाचक ज्या तळटिपेकडे पाहणारही नाही, ती डोंगराळ राज्यात मूळ ओळीइतकीच महत्त्वाची ठरते. पत्रकाने ती बारीक टंकात शेवटी घातली आहे, याबद्दल माझी स्पष्ट नापसंती आहे.

जन्माच्या वेळचे लिंगगुणोत्तर हा असाच दुसरा सापळा. हिमाचलात ते दर हजार मुलग्यांमागे ९३७ मुलींवरून ८७५ वर घसरल्याचे पत्रक सांगते. आकडा धक्कादायक आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करावे असे मी म्हणणार नाही. पण तो पाच वर्षांतील नमुन्यातल्या जन्मांवर काढलेला असतो. समजा असे अडीच हजार जन्म धरले, तर निव्वळ योगायोगाने या गुणोत्तरात सुमारे ७० अंक इकडे किंवा तिकडे फरक पडू शकतो. ही माझी स्वतःची ढोबळ आकडेमोड आहे. गावनिहाय निवडीमुळे वाढणारा नमुनादोष तिच्यात धरलेलाच नाही. जे राज्याच्या आकड्याला लागू आहे ते जिल्ह्याच्या आकड्याला कितीतरी पटींनी लागू आहे. अमुक जिल्ह्यात मुली वाढल्या आणि तमुक जिल्ह्यात घटल्या अशी जी क्रमवारी या पत्रकांवरून लावली जाते, तिला फारसा आधार नसतो. त्यासाठी जन्मनोंदणीचे वर्षानुवर्षांचे आकडे घ्यावेत.

जिल्ह्यांच्या पत्रकांत काही आकडे कंसात असतात आणि काही जागी नुसती तारका असते. कंस म्हणजे तो आकडा २५ ते ४९ व्यक्तींवर काढलेला आहे, आणि तारका म्हणजे व्यक्ती पंचवीसहूनही कमी असल्यामुळे आकडाच दिलेला नाही. एखाद्या दुकानदाराने ‘हा माल आज चांगला नाही, घेऊ नका’ असे आपणहून सांगावे, तसा हा सरळपणा आहे. तो आवडला. दुर्दैव असे की ही पत्रके जेव्हा कोणी संगणकीय तक्त्यात उतरवते, तेव्हा पहिल्यांदा गळतात ते हे कंस. पुरुषांविषयी आणि घरगुती हिंसेविषयीची माहिती तर फक्त १५ टक्के कुटुंबांतून घेतलेली असते. त्यामुळे ती राज्यपातळीवरच वापरावी. १,४७७ पुरुष बारा जिल्ह्यांत वाटले तर जिल्ह्याला सव्वाशेही येत नाहीत.

आता या साहित्यात जे नाहीच त्याविषयी. ‘आरोग्य आणि बरेपण’ या जोडगोळीतील दुसरा शब्द या पत्रकाला जवळपास ठाऊक नाही. १३१ निर्देशकांत मनःस्वास्थ्य, एकाकीपण, जीवनाविषयीचे समाधान किंवा अडीअडचणीला धावून येणारी माणसे आहेत की नाहीत, यांपैकी कशालाही जागा नाही. बँकखाते, मोबाइल, घरातील निर्णयांत सहभाग हे स्त्रियांना विचारले जाते आणि त्यातून काही अंदाज बांधता येतो, पण तो आडून बांधलेला अंदाज. सविस्तर मुलाखत स्त्रियांची ४९ वर्षांपर्यंत आणि पुरुषांची ५४ वर्षांपर्यंतच होते. त्यापुढच्या माणसांचा रक्तदाब आणि रक्तशर्करा तेवढी मोजली जाते. २०११ मध्येच हिमाचलातील साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक होते. तरुण मुले शिक्षणानोकरीसाठी खाली मैदानात उतरलेली, आणि सफरचंदाची बाग सांभाळत वर राहिलेले सत्तरीचे जोडपे, हे दृश्य ज्या राज्यात सर्रास दिसते तिथे ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढणारे साधन याच लोकसंख्या विज्ञान संस्थेचे आहे. भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास, ज्याची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, त्यात ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्ती आहेत आणि नैराश्य, जीवनसमाधान, स्मरणशक्ती, एकटे राहणे हे सारे थेट विचारलेले आहे. मात्र त्याचे आकडे राज्यापर्यंतच उतरतात, जिल्ह्यापर्यंत नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेले मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत हिमाचल नव्हते. त्यामुळे या विषयावर जिल्हावार काही लिहायचे झाले तर हाती फारसे काही लागत नाही, आणि जे कोणी लिहितात त्यांचा आधार काय आहे हे विचारून घ्यावे.

अंतराचा प्रश्नही असाच अर्धवट राहतो. उपचार घेण्यात दूर जावे लागणे, वाहन न मिळणे, स्त्री डॉक्टर नसणे किंवा औषधे नसणे या अडचणी वाटतात का, हे स्त्रियांना विचारलेले आहे. पण त्याची उत्तरे तथ्यपत्रकात नसून सविस्तर अहवालाच्या आतल्या तक्त्यांत आहेत. मोजक्या पानांचे पत्रक वाचून थांबणाऱ्याच्या ती नजरेला पडतच नाहीत. शिवाय हा प्रश्न ऋतू धरून विचारलेला नाही. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याआधी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौलमधील गरोदर स्त्रीला ‘रुग्णालय किती दूर आहे’ या प्रश्नाची दोन उत्तरे असत, एक जुलैचे आणि एक जानेवारीचे. सर्वेक्षणाचे काम बोगद्याच्या आधीचे आहे. म्हणून लाहौलच्या पाचव्या फेरीतील आकड्यांशी पुढच्या फेरीची तुलना करताना सुधारणेचे किती श्रेय योजनांना आणि किती रस्त्याला, हे जपून ठरवावे लागेल.

मूळ विदासंच हाताळण्याची तयारी असेल तर मात्र या साहित्याचा खरा कस दिसतो. कुटुंब, व्यक्ती, स्त्रिया, पुरुष, जन्म आणि बालके अशा वेगवेगळ्या फायली मिळतात, त्या परस्परांना जोडता येतात आणि राज्यासाठीचे भारांक राष्ट्रीय भारांकांहून वेगळे दिलेले असतात. नवख्याची पहिली चूक बहुधा इथेच होते. गावांचे अक्षांश-रेखांशही मिळतात. फक्त प्रतिसादकांची ओळख झाकण्यासाठी ग्रामीण ठिकाणे मुद्दाम पाच किलोमीटरपर्यंत आणि शंभरात एखादे दहा किलोमीटरपर्यंत सरकवलेली असतात. जिल्ह्याची हद्द ओलांडली जात नाही, एवढी काळजी घेतलेली आहे. विदर्भाच्या पठारावर पाच किलोमीटरने विशेष बिघडत नाही. हिमाचलात पाच किलोमीटर सरकणे म्हणजे दुसऱ्या खोऱ्यात, कधी कधी नदीच्या पलीकडे, हजार मीटर वर किंवा खाली जाणे. अशा सरकवलेल्या बिंदूवरून दवाखान्यापर्यंतचे अंतर मोजणारा नकाशा दिसायला देखणा होईल आणि चुकीचा असेल. गावाची उंची विदासंचात स्वतंत्रपणे दिलेली आहे. तीच वापरावी, नकाशावरून काढू नये.

वापराच्या सोयीबाबत थोडक्यात सांगतो. मी वापरलेली तथ्यपत्रके इंग्रजीत आणि पीडीएफ स्वरूपात होती; तक्ते उतरवून घेताना स्तंभ एकमेकांत मिसळतात आणि हाताने पडताळणी करावी लागते. राज्याचे पत्रक डिसेंबर २०२० मध्ये आले, म्हणजे क्षेत्रकाम संपल्यावर साधारण वर्षाच्या आत, आणि एवढ्या व्यापाच्या कामाला हा वेग चांगलाच म्हटला पाहिजे. विदासंच मिळवण्याचा नेहमीचा मार्ग अमेरिकेतील लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून जात असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचा निधी थांबल्यावर त्या कार्यक्रमाचे काम थबकले आणि नव्या नोंदण्याही स्थगित झाल्या. भारतीय करदात्याच्या घरादाराची माहिती मिळवण्यासाठी परदेशातील खिडकीवर रांग लावावी लागते, हे मला आधीही खटकत होते. ज्यांच्याकडे फायली आहेत त्यांनी त्या सोबतच्या प्रश्नावल्या आणि सांकेतिक शब्दांच्या पुस्तिकेसह जपून ठेवाव्यात, आणि ज्यांना तूर्त पत्रकांवरच भागवायचे आहे त्यांनी निदान उंचीची तळटीप, कंस आणि तारका आपल्या तक्त्यात उतरवून घेतल्याशिवाय एकही जिल्हा दुसऱ्याच्या वर किंवा खाली मांडू नये.